बाबांच्या बंद खात्याबद्दल

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही नको म्हणत होते, तरी मी तक्रार नोंदवली. 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. नाव तुमचं आहे, नंबर माझा दिला. म्हणजे फोन आला तर मलाच येईल, तुमची दुपारची झोप मोडणार नाही.

रागावू नका. ऑनलाइन घेतलेला फवारणीचा पंप परत केला, त्याचे पैसे त्या कंपनीकडच्या तुमच्या खात्यात पडून आहेत, आणि खातं उघडत नाही. ओटीपी जातो जुन्या सिमवर, आणि सिम बंद. आधार पाठवलं, बिल पाठवलं, तरी कंपनीचं तेच ठरलेलं उत्तर. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांत तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची आहे. महिना केव्हाच उलटला.

कोर्टकचेरीचं नाव काढलं की तुम्हाला आबांचं वावर आठवतं, ठाऊक आहे मला. हे तसं नाही हो. हेल्पलाइननं नाही सुटलं तरच यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. खरेदी पाच लाखांच्या आतली असली की फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. अर्ज ऑनलाइन मीच भरीन, तुमची फक्त सही.

आणि सिमचं मनाला लावून घेऊ नका. त्या महिन्यात बियाण्याचे पैसे आधी द्यायचे होते, रिचार्ज मागं राहिलं. कापूस विकायला जाताना बंडीत गाठोड्यांवर मला झोपवून न्यायचे तुम्ही, आणि काट्यावर वजन कमी दिसलं की भरली बंडी माघारी फिरवायचे. मला वाटायचं, माझ्या बाबांसमोर कोणाचंच काही चालत नाही. अजूनही वाटतं.

आता ऐका. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन लावायचा नाही, तिथं चोरांचेही नंबर असतात. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, खातं उघडून देतो म्हणाला तरी. कोणी सांगितलेलं ॲप घ्यायचं नाही. बँकेतून पैसे गेल्यासारखे वाटले तर त्याच क्षणी 1930 लावा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, मला नंतर. पंपाचं बिल आणि परतीची पावती आईच्या डब्यात ठेवा, मेसेज पुसू नका.

आई, रात्री त्यांना मोबाईल घेऊन बसू देऊ नको, बीपी वाढतो. गोळ्या संपायच्या आधी आणत जा, पैसे तुझ्या खात्यात टाकलेत. फवारणीसाठी काकांचा पंप घ्या, मी बोलले त्यांच्याशी.

बिलाचा फोटो नीट उजेडात काढून आजच पाठवा.

तुमची,
बेबी