चार गोल काढून देणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

आनुवंशिक आजाराबद्दल सल्ला घ्यायला आम्ही आलो, तेव्हा रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही चार गोल काढले होते. एक कोरा, म्हणजे दोष नसलेलं मूल; दोन अर्धे रंगवलेले, म्हणजे आमच्यासारखे वाहक; एक पूर्ण, म्हणजे आजारी मूल. तो कागद अजून फायलीत आहे, घडीवर फाटायला आलाय.

माझं हिमोग्लोबिन कायम कमी, म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या गिळल्या. एचबी ए-२, म्हणजे वाहकांत वाढलेला असतो तो हिमोग्लोबिनचा प्रकार, कुणी मोजलाच नाही. लग्नानंतर तपासलं तर माझा ५.२ टक्के, ह्यांचा ४.९. दोघंही बीटा थॅलेसेमियाचे, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचे, वाहक. आम्ही हादरून तुमच्यासमोर बसलो होतो. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे तुम्ही सगळ्यात आधी सांगितलंत.

"चारात एक म्हणजे पहिलं तसं झालं की पुढची तीन सुटली ना?" असं ह्यांनी विचारलं. तुम्ही पेन त्यांच्याच हातात दिलंत. दर गरोदरपणात हे चार गोल नव्याने काढायचे, २५ टक्के प्रत्येक वेळी तेवढेच. तेव्हा कुठे ते डोक्यात शिरलं.

घरात तेव्हा एकच विषय होता: दोष कुणाकडचा? एकाच्याच जनुकाने हा आजार होत नाही, दोन्हीकडून एकेक यावं लागतं, हे तुम्ही सासूबाईंनाही फोनवर समजावलंत. त्याचे उपकार मी कधीच विसरणार नाही.

गरोदरपणात वारेचा नमुना घेऊन तपासणं, गर्भजल तपासणी, आयव्हीएफ करून आधीच भ्रूण तपासणं, दत्तक, मूल न होऊ देणं, सगळं तुम्ही एकाच सुरात सांगितलंत. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागणाऱ्या मुलाचं आयुष्यही लपवलं नाहीत आणि त्याची भीतीही घातली नाहीत. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" तुम्ही म्हणालात, "मी तुमच्या जागी नाही. पण निकाल वाईट आला तर काय, हे तपासणीआधी दोघांनी बोलून घ्या."

बोललो, तर कळलं की आमचं एकमत नाहीच. ते व्हायला तीन आठवडे लागले. मधे एकदा तुम्ही पुन्हा तासभर दिलात, घड्याळाकडे न बघता.

अकराव्या आठवड्यात वारेचा नमुना दिला. निकाल आला: अर्धा रंगवलेला गोल. लेक आता रांगतेय.

दिराचं लग्न ठरतंय. दोघांना तपासणीसाठी घेऊन येतेय. कागदही आणते.

तुमचे ऋणी,
आम्ही तिघं