लाचार कसली, सोयीस्कर!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख वाचला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष न विचारता बॉम्ब टाकतात आणि तिथली काँग्रेस, म्हणजे त्यांची संसद, बिचारी बघत बसते, असा आपला सूर. बिचारी? २८ एप्रिल १९९९ आठवा. युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले सुरू होऊन महिना उलटला होता. काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, प्रतिनिधीगृहात, एकाच दिवशी मतदान झाले. युद्ध जाहीर करायचे? नाही. सैन्य मागे घ्यायचे? नाही. बरं, हल्ल्यांना मंजुरी तरी? २१३ विरुद्ध २१३, म्हणजे तीही नाही! आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरसुद्धा यापेक्षा धड निर्णय होतो. पुढच्याच महिन्यात खर्चाला मात्र मंजुरी. याला लाचारी म्हणत नाहीत, अंग चोरणे म्हणतात. युद्ध जिंकले तर आम्ही पैसे दिले, फसले तर आम्ही कुठे हो म्हणालो होतो!

मला हे शिकवले ते माझ्याच एका विद्यार्थ्याने. मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवायचो. १९९१ मध्ये, आखाती युद्ध चालू असताना, चाचणीत विचारले होते : अमेरिकेत युद्ध घोषित करण्याचा अधिकार कोणाला? पठ्ठ्याने लिहिले, ‘राज्यघटनेत काँग्रेसला, प्रत्यक्षात राष्ट्राध्यक्षाला.’ मी अर्धा गुण कापला. तो वर्गातच उभा राहिला, ‘सर, मग कोरियात आणि व्हिएतनाममध्ये युद्ध कधी घोषित केलं होतं?’ मी म्हणालो, पुस्तकात आहे तेवढेच लिही. (त्याच महिन्यात थोरल्या बुश यांनी काँग्रेसची मंजुरी घेतली होती, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच होतो.)

आज त्याचे हार्डवेअरचे दुकान आहे. अमेरिकेने कुठेही हल्ला केला की त्याचा फोन येतो, ‘सर, माझा अर्धा गुण?’ २०११ मध्ये लिबियाच्या वेळी मी १९७३चा कायदा पुढे केला. निक्सनचा नकाराधिकार मोडून केलेला कायदा! राष्ट्राध्यक्षांनी सैन्य लढाईत उतरवले तर ४८ तासांत काँग्रेसला कळवा, तिची मंजुरी नसेल तर ६० दिवसांत लढाई थांबवा. साठ दिवस उलटले. ओबामांचे सरकार म्हणाले, आमचे सैनिक जमिनीवर उतरलेलेच नाहीत, तेव्हा ही त्या कायद्यातली लढाईच नव्हे. फोनवर तो इतका हसला की मीच ठेवून दिला.

तेव्हा राष्ट्राध्यक्षांना झोडपा, अवश्य झोडपा. पण ज्यांच्या हाती तिजोरीची किल्ली आहे, त्यांना आपण रुमाल कशाला देता?

जाता जाता एक. ‘काँग्रेसचा युद्धाला विरोध’ असा मथळा देताना आधी ‘अमेरिकी’ एवढा शब्द घालायला जागा नव्हती का? आमच्या कट्ट्यावर सकाळी अर्धा तास राहुल गांधींवर भांडण झाले. शेवटी चष्मा लावून आतली बातमी मलाच वाचून दाखवावी लागली, आणि तीही पान नऊवर, टायरच्या जाहिरातीखाली.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कराड