फॉर्मवर सगळं ‘खूप समाधानी’

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात दरवर्षी १२ मे च्या आसपास एक फोटो हमखास असतो. पांढऱ्या ड्रेसातल्या मुली ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या हातात पेटवलेली मेणबत्ती, मधे पाहुणे, खाली ओळ की नाइटिंगेल बाईंच्या जयंतीनिमित्त शपथ घेतली. फोटो छान असतो, माझाही तसला एक आहे अल्बममधे, पिवळा पडलेला. पण शपथ झाल्यावर त्या पोरी वॉर्डात जातात तिथं काय होतं ते कुणी छापत नाही म्हणून लिहायला बसले. लांबलं तर कापा, फक्त कुणाला झोंबेल तेवढंच नेमकं कापू नका.

मी स्टाफ नर्स म्हणून लागले आणि इनचार्ज सिस्टर म्हणून रिटायर झाले, सगळी नोकरी सांगली मिरजेतच. सध्या माझी भाची माझ्याकडं राहते, विट्याकडची आहे, बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. ती मला मावशी म्हणते आणि वॉर्डात मावशी म्हणजे बेडपॅन देणारी लादी पुसणारी बाई, त्यामुळं घरी येऊन ‘मावशी आज लई ओरडली’ म्हणाली की मला आधी विचारावं लागतं, कुठली.

तर मागच्या महिन्यात तिचं पहिलं क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात खऱ्या पेशंटपाशी शिकायचे दिवस, संपलं. शेवटच्या दिवशी कॉलेजनं एक फॉर्म भरून घेतला, पहिल्या क्लिनिकल अनुभवाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात म्हणून. खूप समाधानी, समाधानी, ठीक, असमाधानी, खूप असमाधानी अशा पाच चौकटी आणि वर कोपऱ्यात रोल नंबर. हिनं सगळीकडं खूप समाधानीवर टिक केली. मी म्हटलं अगं रोज रात्री माझ्यासमोर रडत होतीस ते काय होतं मग? तर म्हणते, मावशी, फॉर्म गोळा करणाऱ्या मॅडमच्याच हातात इंटर्नल मार्क आहेत. झालं. आता तो फॉर्म एक्सेलमधे जाणार, त्याचा रंगीत गोल चार्ट होणार, इन्स्पेक्शनला फाईलमधे लागणार की आमचे विद्यार्थी खूप समाधानी.

खरं काय झालं ते सांगते. पहिल्या दिवशी सकाळी आठच्या आधी पोरी हजर. काही जणी तासगावहून पहिल्या एसटीनं आलेल्या, एक तर जतकडची, तिनं पहाटे चारला उठून डबा केलेला. कपडे बदलायला खोली नाही म्हणून बाथरूममधे एकीनं दार धरायचं आणि दुसरीनं युनिफॉर्म घालायचा. वॉर्डात पाऊल टाकलं तर तिथं आधीच दुसऱ्या कॉलेजच्या पोरी उभ्या. मिरजेला आरोग्य पंढरी म्हणतात, मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ ला इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून हे गाव पेशंटच्या जिवावरच मोठं झालं, पण पंढरीला जशी दर्शनबारी लागते तशी आता एकेका पेशंटपुढं विद्यार्थ्यांची बारी लागायला लागलीय. एका आजोबांचं बीपी सकाळपासून चार जणींनी घेतलं. पाचवी गेली तर ते म्हणाले बाई मी मेलो तरी चालंल पण तो पट्टा आता बांधू नको.

इनचार्ज सिस्टरनं विचारलं कुठलं कॉलेज, किती जणी, मॅडम कुठायत. मॅडम नव्हत्या. त्या अकराला आल्या, हजेरी घेतली, लॉगबुकवर, म्हणजे पोरींच्या कामाच्या नोंदवहीवर, सह्या केल्या आणि पुढच्या हॉस्पिटलला गेल्या. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, दोन ठिकाणच्या दोन बॅच एकाच बाईच्या गळ्यात, वर दुपारी थिअरीचं लेक्चर. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं म्हणणं आहे दहा विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक पाहिजे. कागदावर असतील पण दहाच. कागदावरचा शिक्षक वॉर्डात उभा राहत नाही, हीच तर भानगड आहे.

आणि पुस्तकातलं वॉर्डात सापडत नाही हे दुसरं दुखणं. हिच्या प्रोसिजर बुकात बेड बाथला लागणाऱ्या सामानाची हीऽऽ एवढी लिस्ट, दोन बेसिन, स्पंज क्लॉथ, बाथ ब्लँकेट, मॅकिन्टॉश म्हणजे गादीवरचं रबरी कापड, ड्रॉ शीट, किडनी ट्रे. वॉर्डात एक बादली, एक मग आणि मॅकिन्टॉश मागितलं तर मावशी हसायला लागली. चादरीच मोजून मिळतात तिथं चादरीचे कोपरे दुमडून हॉस्पिटल कॉर्नर कसला घालतेस. कुणीतरी सोबत असतं तर सांगितलं असतं की सामान कमी असलं तरी चार गोष्टी सोडायच्या नाहीत, पाणी कोमट पाहिजे, पडदा किंवा निदान चादर आडवी धरून पेशंटची लाज राखायची, पाठ कोरडी करून लालसर डाग पडलाय का बघायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. हेच नर्सिंग आहे हो, बाकी सामानाची लिस्ट परीक्षेपुरती.

आता मुख्य प्रकार. पोस्टिंगच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. खुब्याचं हाड मोडलेली एक आजी होती, अथणीकडची, कानडीशिवाय दुसरं काही येत नाही. मिरजेत बरेच पेशंट कर्नाटकातनं येतात हे सगळ्यांना माहितीय, पण एकाही कॉलेजात पोरींना चार कानडी शब्द कुणी शिकवत नाही. हिनं वॉर्डातल्या मावशीकडनं पहिल्या दोन दिवसांत एकच शब्द शिकलेला, नीर म्हणजे पाणी. सकाळी ही आजीपाशी गेली, आजी म्हणाली नीर, नीर. पोरीला इतका आनंद झाला की पेशंटचं बोलणं आपल्याला कळलं, तिनं अर्धा कप पाणी आणलं, मान उचलून धरली आणि व्यवस्थित पाजलं. पुस्तकात लिहिलंय तसं, हळूहळू, ठसका न लागता.

आजीचं ऑपरेशन होतं. रात्री बारापासून एनबीएम, तोंडानं काही द्यायचं नाही.

एनबीएम केसपेपरात लिहिलेलं, हँडओव्हरमधे, म्हणजे ड्युटी बदलताना, सांगितलेलं, पण हँडओव्हर झालं तेव्हा पोरी बाहेर व्हरांड्यात उभ्या, आत गर्दी नको म्हणून. कॉटला बोर्ड लावलेला नव्हता. भुलीच्या डॉक्टरांनी विचारल्यावर आजीच्या सुनेनं प्रामाणिकपणे सांगितलं की त्या नव्या सिस्टरनं पाणी दिलं. मग काय, जो तो ओरडला. डॉक्टर सिस्टरवर, सिस्टर हिच्यावर, अकराला मॅडम आल्या त्या पण हिच्यावर आणि ते सगळं पेशंटच्या नातेवाईकांसमोर, वॉर्डाच्या मधोमध. तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? ही लिनन रूममधे जाऊन रडली आणि तिथनंच वडलांना फोन केला, पप्पा मला घ्यायला या, मला हे जमणार नाही.

यात खरं नुकसान किती झालं तेही सांगते. साध्या पाण्याला दोन तास पोट रिकामं असलं तरी चालतं, जेवणाला सहा तास लागतात. डॉक्टरांनी केस लिस्टमधे खाली ढकलली, दुपारी ऑपरेशन झालं, आजी ठीक. म्हणजे चूक मोठी होती, होऊ शकलं असतं ते आणखी मोठं, भुलीत पोटातलं पाणी वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीव जातो, हे हिला कुणी तेव्हा शांतपणे सांगितलं असतं तर ती जन्मात विसरली नसती. तसं ती आताही विसरणार नाही म्हणा, पण तिच्या डोक्यात राहिलं ते ओरडणं. एनबीएम का करतात हे तिला रात्री मी सांगितलं, भाकरी थापता थापता.

इथं मला माझंही सांगितलं पाहिजे नाहीतर पत्र खोटं होईल. मी इनचार्ज असताना असंच वागले आहे. स्टुडंट आले की माझं डोकं फिरायचं, नुसती गर्दी करताय, कॉरिडॉरला उभ्या राहा, हे नको धरू ते नको पाडू. एका मुलीच्या हातनं थर्मामीटर फुटला, तेव्हा पाऱ्याचे असायचे, मी तिला असं बोलले की ती परत माझ्या वॉर्डात आली नाही, पोस्टिंग बदलून घेतलं. तेव्हा मला वाटायचं मी शिस्त लावतेय. खरं म्हणजे माझ्याकडं वेळच नव्हता. टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागं एक नर्स पाहिजे असं कौन्सिलचं प्रमाण आहे, मी अख्ख्या नोकरीत ते एकदाही बघितलं नाही, चाळीस पेशंटला आम्ही दोघी असायचो आणि त्यात वीस पोरी येऊन सिस्टर हे कसं करायचं विचारणार. शिकवण्याचा पगार नाही, शिकवलं म्हणून कुठं नोंद नाही, पण काही बिघडलं तर मेमो मात्र मला. हे कारण आहे, सबब म्हणा हवं तर.

आणि आमच्या वेळी फार चांगलं होतं असलं मी म्हणणार नाही. आमच्या वेळी विद्यार्थ्यांकडनं वॉर्ड चालवून घ्यायचे, नाइट ड्युटीला एकटीला सोडायचे, हात बसला हे खरं पण भीतीनं बसला. आता उलटं झालंय, हात लावूच देत नाहीत, तीन आठवडे उभं राहून पोरी पाय दुखवून घेतात आणि लॉगबुकात मात्र सगळ्या प्रोसिजरवर सही. बघितलं, मदत केली, स्वतः केलं असे तीन रकाने असतात त्यात. बघितलं एवढंच खरं, बाकीचे दोन रकाने घरी बसून भरतात. (मुलांचं तर वेगळंच, ब्रदर म्हणजे पुरुष नर्स व्हायला आलेल्या पोराला बायकांच्या वॉर्डाच्या दारातनंच परत पाठवतात, त्यावर वेगळं पत्र होईल.)

आता ही गेली का सोडून? नाही गेली. वडील म्हणाले रविवारपर्यंत थांब, आणि मधेच एक गोष्ट झाली. त्या वॉर्डात एक ब्रदर आहेत, कंत्राटी, स्वतःचीच नोकरी पुढच्या वर्षी राहील का नाही माहिती नाही. ते हिला म्हणाले, काल पाणी दिलेली तूच ना, चल इकडं. ओरडतील वाटलं तर त्यांनी पुठ्ठा आणि मार्कर दिला, म्हणाले आज ज्यांचं ऑपरेशन आहे त्यांची नावं केसपेपरातनं शोध आणि एनबीएमचे बोर्ड लिहून तूच लाव. मराठीत लिही आणि कानडीत मावशीकडनं विचारून लिहून घे. मग तिला बीपीचं हाताचं यंत्र काढून दिलं. वॉर्डात आता सगळे डिजिटल वापरतात, बटण दाबलं की आकडा, पण कॉलेजात परीक्षा हातानं घेण्याची आणि कॉलेजात तिनं घेतलं होतं ते मैत्रिणींच्या गुबगुबीत दंडावर. म्हाताऱ्या माणसाच्या काडीसारख्या हातावर काही केल्या ऐकू येईना. त्या ब्रदरनं तिचं बोट नाडीवर ठेवलं, पट्टा फुगवत नाडी कुठं गायब होते ते बघायला लावलं, त्याच्यावर तीस चढव म्हणाले आणि आता हवा सोड, घाई करू नको, काटा सावकाश उतरू दे. आणि मग टक्. टक्. टक्. १३०/८०. डिजिटलवर १३२/८२ आलं. घरी आली ती चप्पल काढायच्या आधी ओरडत, मावशी मला ऐकू आलं!

वीस मिनिटं लागली असतील त्या ब्रदरला. तीन आठवड्यांतली ती वीस मिनिटं. माझं म्हणणं एवढंच आहे साहेब, की पोरी समाधानी आहेत का नाहीत ते बिल्डिंगवर, एसी स्किल लॅबवर आणि तिथल्या सरावाच्या रबरी पुतळ्यावर ठरत नाही, वॉर्डात शेजारी कोण उभं होतं त्याच्यावर ठरतं. मग कॉलेजनं निदान पहिल्या पोस्टिंगपुरती तरी एक मॅडम अख्खी सकाळ त्याच वॉर्डात ठेवावी, सह्या करायला नाही, कमरेला पदर खोचून बेड बाथला उभी राहायला. एका पोरीला दोन पेशंट नेमून द्यावेत म्हणजे बारी लागणार नाही. हँडओव्हरच्या वेळी त्यांना आत घ्यावं. सुटायच्या आधी पंधरा मिनिटं कोपऱ्यात बसवून आज काय चुकलं विचारावं, पुस्तकात त्याला पोस्ट कॉन्फरन्स म्हणतात, सगळ्या मॅडमनी स्वतः परीक्षेत लिहिलेला प्रश्न आहे तो. आणि हॉस्पिटलनं कपडे बदलायला आणि डबा खायला एक खोली द्यावी, पोरी जिन्यात बसून जेवतात ते बघवत नाही. जी स्टाफ नर्स शिकवते तिच्या नावाची कुठंतरी नोंद व्हावी, एवढं सर्टिफिकेट दिलं तरी पुष्कळ. कानडीचं तर काय, वॉर्डातल्या मावशीला तासाभराचं लेक्चर द्यायला बोलवा, फुकट येईल.

आणि तो फॉर्म. रोल नंबर काढा त्यावरचा, मार्क लागल्यावर भरून घ्या, आणि पाच चौकटींच्या खाली रिकामी जागा ठेवा.

भाचीचं पुढचं पोस्टिंग सर्जिकल वॉर्डला लागलंय. खिशातल्या डायरीत तिनं आता कानडी शब्द वाढवलेत, नोवु म्हणजे दुखणं, यल्ली म्हणजे कुठं, ऊट म्हणजे जेवण. नीरच्या पुढं तिनं लाल पेननं लिहिलंय, आधी केसपेपर बघ.

पत्र छापलं तर माझं नाव आणि कॉलेजचं नाव तेवढं टाकू नका. मला आता कोण काय करणार, पेन्शन चालू आहे, पण पोरीला अजून साडेतीन वर्षं तिथंच काढायचीयेत.

आपली,
एक रिटायर सिस्टर, मिरज