आधी सांगाडा आणि ब्रेक, मग इंजिन

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत छप्पर काढून उघडी केलेल्या प्रीमियर पद्मिनीचा फोटो पाहिला. रंगकाम सुरेख आहे, कापडी हूडची शिलाईही नेटकी. पण मजकुराचा सगळा भर तिच्यात बसवलेल्या मारुती जिप्सीच्या १२९८ सीसी इंजिनावर आणि त्याच्या ८० अश्वशक्तीवर. ब्रेकबद्दल अवाक्षर नाही. मी कोल्हापुरात उद्यमनगरात जुन्या गाड्यांचे पत्राकाम करतो, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवेना.

पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. अख्खी बॉडी एकसंध, आणि छप्पर तिचा भार पेलणारा भाग. ते कापले की गाडी मधोमध खचते. ओळखायचे कसे? दाराच्या मागच्या फटीत बोट घाला. वर शिरत नाही, खाली सहज जाते. एका बाजूला जॅक लावला तर बंद दार उघडत नाही, उघडलेले लागत नाही. म्हणून कापण्याआधी दारांच्या चौकटींना तात्पुरत्या पट्ट्या वेल्ड करायच्या, दाराखालच्या सिलमध्ये चौकोनी पाइप भरायचा, सीटखालून आडवा जोड द्यायचा आणि मगच ग्राइंडर हातात घ्यायचा. हे सारे काम शेवटी रंगाखाली जाते, त्यामुळे गिऱ्हाइकाला त्याचे पैसे मोजणे जिवावर येते.

स्टँडर्ड हेराल्डचे तसे नाही. १९६१ पासून मद्रासला बनलेल्या या गाडीला स्वतंत्र चासी, बॉडीचे भाग बोल्टने जोडलेले. दोन दारी हेराल्डचे छप्पर पान्याने उतरते. मात्र तिचा मागचा स्विंग ॲक्सल, म्हणजे चाकासकट वरखाली झुलणारा दांडा, दगा देतो. वेगात वळताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मागचे चाक आत दुमडू पाहते. तिला मोठे इंजिन द्यायचे तर आधी ते सस्पेन्शन सुधारा.

मूळ पद्मिनी १०८९ सीसीची, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. ताकद दुप्पट करून ब्रेक तेच ठेवले, तर करूळ घाट उतरताना काय होईल? ड्रम तापले की पेडल पायाला घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. निदान पुढे डिस्क ब्रेक हवेतच.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांवरच्या गाड्यांची सोय झाली, पण बॉडी, चासी, इंजिन मूळचे असेल तरच. परिणामी नीट काम करणारा आणि वाटेल तसे कापणारा, दोघेही लपूनच करतात. बदल सरसकट मोकळे करा, असे माझे म्हणणे नाही. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देतात, तशी सोय आपल्याकडेही व्हावी. फी लावा, हौशी मालक भरतील. फक्त ती तपासणी रंगाआधी, उघड्या पत्र्यावर व्हावी, कारण पुट्टी आणि रंग चढल्यावर वेल्डिंग कुणालाच दिसत नाही.

आणि पुरवणीत पुढची अशी गाडी छापाल, तेव्हा एक फोटो खालून घ्या.

– एक गॅरेजवाला, उद्यमनगर, कोल्हापूर