विकतची रँक हीसुद्धा चीटिंगच

संपादक महाशय,

ई-स्पोर्ट्समधल्या (व्हिडिओ गेमच्या स्पर्धांमधल्या) चीटिंगची बातमी होते ती कुणी भर स्पर्धेत पकडला गेला की. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या काउंटर-स्ट्राइक या शूटर गेमच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघाच्या एका खेळाडूच्या कॉम्प्युटरवर ‘वर्ड डॉट ईएक्सई’ नावाने लपवलेलं, नेम साधायला मदत करणारं सॉफ्टवेअर सापडलं. अख्खा संघ बाद झाला आणि त्या खेळाडूवर ५ वर्षांची बंदी आली. योग्यच झालं. पण पैसे मोजून रँक वाढवून घेणाऱ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मी पाच विरुद्ध पाच प्रकारचा शूटर गेम रोज रात्री रँक्डमध्ये, म्हणजे हार-जितीवर पॉइंट आणि रँक ठरणाऱ्या मॅचमध्ये खेळते, बहुतेकदा सपोर्ट (सोबत्यांना मदत करणारी) म्हणून. परवा आमच्या टीममध्ये एक डायमंड, म्हणजे वरच्या रँकचा खेळाडू आला. चालताना शिफ्ट दाबून ठेवलं की पावलांचा आवाज होत नाही, हे त्याला माहीतच नव्हतं! प्रत्येक राउंडला धाडधाड पळत जाऊन समोरच्यांना आमचा पत्ता द्यायचा आणि पहिला मरायचा. मागची हिस्टरी पाहिली, तर महिन्याभरापूर्वी याच अकाउंटवर ओळीने विजय, तेही एकहाती. खेळणारा दुसराच कुणीतरी होता, हे उघड आहे.

पैसे घेऊन दुसऱ्याच्या अकाउंटवर खेळायचं आणि त्याची रँक वाढवून द्यायची, याला बूस्टिंग म्हणतात. बूस्टिंगवाले म्हणतात, ‘यात कुणाचं काय जातं?’ जातं. बूस्टर अकाउंट वर चढवत असतो तेव्हा समोरच्या पाच जणांची गाठ त्यांच्या कितीतरी वरच्या खेळाडूशी पडते आणि त्यांचे पॉइंट जातात. मग मालक स्वतः खेळायला बसतो आणि आपल्या खऱ्या जागेवर घसरेपर्यंत दर मॅचला चार सोबत्यांना घेऊन बुडतो. एका माणसाच्या हौसेपायी दोन्ही वेळा भुर्दंड परक्यांना. शिवाय रँक बघूनच नवे संघ ट्रायलला (निवड चाचणीला) बोलावतात. तिथे मेहनतीने वर आलेल्या एखाद्या पोराची जागा अशा अकाउंटने अडते. याचा मला सर्वांत जास्त संताप येतो.

दक्षिण कोरियाने याबाबत डिसेंबर २०१८ मध्ये कायदाच केला: पैसे घेऊन बूस्टिंग करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी वॉनपर्यंत दंड. जरब बसवायला हे उत्तम. पण त्याचा रोख विकणाऱ्यावर आहे आणि धंदा चालतो तो गिऱ्हाइकावर. मी पुराव्यानिशी रिपोर्ट केलेलं एक अकाउंट थोड्याच दिवसांत परत खेळताना दिसलं, रँक जशीच्या तशी!

गेम कंपन्यांनी विकत घेणाऱ्याची रँक शून्यावर आणावी, त्या सीझनची बक्षिसं काढून घ्यावीत आणि बूस्टरने खेळलेल्या मॅचमध्ये हरलेल्यांचे पॉइंट परत द्यावेत. कोण कुणाविरुद्ध खेळलं याची नोंद त्यांच्याच सर्व्हरवर असते.

आपली,
एक रँक्ड खेळाडू