टेस्ट डेस्कवरून दादांना एक पत्र

आदरणीय दादा,

सादर नमस्कार.

३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगममधून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आम्ही बाहेर पडलो, त्या एकाच दिवशी देशभरातून निगमचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी निरोप घेत होते. आपल्या सांगलीच्या कार्यालयातही यादी वाचून, शाल-श्रीफळ हाती देऊन समारंभ आटोपता घ्यावा लागला. निरोप घेणारे खुर्च्यांवर मावत नव्हते आणि देणारे बोटांवर मोजण्याइतके होते. तुम्ही त्या देणाऱ्यांपैकी. त्या गर्दीत तुमच्याशी चार शब्द धड बोलता आले नाहीत आणि मनातले मनातच ठेवणे बरे वाटले नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

मी १९८४ साली तेव्हाच्या डाक-तार खात्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून रुजू झाले. ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग, पी. पी. (ठरावीक माणसालाच बोलावून द्यायचा) अशा परगावच्या ट्रंक कॉलची तिकिटे लिहायची, समोरच्या बोर्डावर कॉर्ड लावायची आणि पलीकडच्या गावच्या ऑपरेटरशी गोडीने बोलून लाइन मिळवायची, एवढे मला उत्तम येत होते. पुढे एसटीडी घरोघरी पोहोचली, ट्रंक बोर्ड बंद झाले आणि आम्हा ऑपरेटर मंडळींची पांगापांग झाली. माझ्या वाट्याला १९८ क्रमांकाचा तक्रार कक्ष आणि बिघडलेल्या लाइन तपासण्याचा टेस्ट डेस्क आला. बोलण्याचे काम हाडीमासी भिनलेले होते, तारांचे मात्र शून्य. एक्स्चेंजच्या तारा आणि रस्त्यावरून येणाऱ्या केबल जिथे एकमेकींना भेटतात, त्या एमडीएफच्या उंच चौकटीपुढे मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा ते सगळे जंजाळच वाटले होते.

‘ऑपरेटरबाईंना यातले काय कळणार’ असे म्हणणारे होते, आणि त्यांच्या दृष्टीने ते खोटेही नव्हते. तुम्ही केबलच्या तारा जोडणारे जॉइंटर; तुम्ही मात्र तक्रारीच्या कोऱ्या डॉकेटमागे, म्हणजे नोंदीच्या चिठ्ठीमागे, तारांच्या रंगांच्या दोन ओळी लिहून दिल्यात. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा ही एक ओळ. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी ही दुसरी. वरच्या प्रत्येक रंगाची खालच्या प्रत्येकाशी जोडी लावली की पाच पाचे पंचवीस जोड्या होतात. पांढरा-निळा पहिली आणि जांभळा-राखाडी पंचविसावी. मग मला एमडीएफवर उभे करून तुम्ही रस्त्यावरच्या खड्ड्यात उतरलात आणि हँडसेटवरून एकेक जोडी मागत गेलात. मी टोन सोडायची, तुम्ही खालून ‘आली’ म्हणायचे. चुकीच्या जोडीवर टोन गेला तर ‘पुढची बघा’ एवढेच म्हणायचात, आवाज जराही चढायचा नाही. शिकवणारी माणसे पुष्कळ भेटली. शिकणाऱ्याला कमीपणा वाटणार नाही याची इतकी काळजी घेणारे थोडेच.

तुमचे सर्वांत मोठे ऋण वेगळेच आहे, आणि बहुधा ते तुमच्या लक्षातही नसेल. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली की पेठेतले फोन एकदम मुके व्हायचे आणि त्या सगळ्यांचा राग १९८ वर, म्हणजे माझ्या कानात, यायचा. ‘संध्याकाळपर्यंत होईल’ असे सांगून वेळ मारून नेणे ही तक्रार कक्षाची जुनी सवय. तुम्ही मात्र खड्ड्यातून फोन करून खरे काय ते सांगायचात: ‘ताई, पाणी उपसतोय, आज होत नाही. परवा दुपार सांगा. दवाखान्याची लाइन मात्र दुसऱ्या जोडीवर आजच फिरवून देतो.’ मग मीही ग्राहकाला परवा दुपार सांगायची. ओरडून घेऊन लोक फोन ठेवायचे, पण परवा दुपारी फोन खरोखर वाजू लागायचा. हळूहळू काही ग्राहक रागावण्याऐवजी ‘जॉइंटर काय म्हणतात?’ एवढेच विचारू लागले. माझ्या शब्दाला जी किंमत आली, ती तुमच्या शब्दामुळे आली.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तर आपण कोणीच विसरणार नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि आमच्या गल्लीतल्या घरांचे तळमजले पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर तुम्ही तिघा लाइनमनना घेऊन, फावडी-घमेली आणि फिनेलचा कॅन घेऊन दारात उभे राहिलात. दिवसभर गाळाने भरलेले पिलर, म्हणजे रस्त्याकडेच्या केबलच्या पेट्या, उघडून पाहायचे आणि उरलेल्या वेळात आमच्या घरातला गाळ काढायचा, असे तुमचे चालले होते. त्यातली एक गोष्ट डोळ्यांपुढून जात नाही. कपाटातली कागदपत्रे भिजून त्यांचा एकच लगदा झाला होता आणि मी ती टाकून द्यायला निघाले होते. तुम्ही ती मागून घेतलीत, ओसरीवर बसलात आणि एकेक पान अलगद सुटे करून वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवू लागलात. कागदी वेष्टनाच्या जुन्या केबलवर हयात गेलेला माणूस ओल्या कागदाला घाबरत नाही, हे तेव्हा कळले. दाखले, पासबुके, लग्नाचे दोन फोटो वाचले, आणि पुढे निवृत्तिवेतनाचे अर्ज भरताना त्यातलेच काही कागद उपयोगी पडले.

नोव्हेंबरात स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय खुला झाला, तेव्हा कार्यालयात दुसरा विषयच नव्हता. झालेल्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा पगार, हे गणित लेखा विभागातल्या मैत्रिणीने मला मांडून दिले. निर्णयाचे ओझे मात्र माझेच होते. तुमच्या नोकरीला थोडाच काळ उरला होता, त्यामुळे तुम्ही थांबायचे ठरवले होते. तरीही मला थांबा म्हणाला नाहीत की जा म्हणाला नाहीत. ‘तुमचा हिशेब वेगळा, माझा वेगळा, दोन्ही बरोबर आहेत,’ असे म्हणून चहा मागवलात. त्या रात्री मी अर्ज भरला.

या पत्रात आणखीही माणसे यायला हवीत. सासूबाई अंथरुणाला खिळल्या असताना माझ्या रात्रपाळ्या स्वतःकडे घेणाऱ्या ट्रंक बोर्डावरच्या तिघी, संक्रांतीला न चुकता तिळगूळ आणणारे बॅटरी रूममधले भाऊ, आणि साहेब असूनही डबा आमच्यातच उघडणारे आपले उपविभागीय अभियंता. त्या सर्वांना माझा नमस्कार सांगावा. वहिनींचा शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्याकडेच राहिला आहे, तो रिकामा परत करणार नाही असे त्यांना कळवावे.

घरची लँडलाइन मी बंद केलेली नाही. पुरानंतर मात्र तिला खरखर येते. रीतसर तक्रार नोंदवलेली आहे, पण तुमच्याकडे आता माणसे किती उरली आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून घाई नाही. सवडीने या, जेवायलाच या, आणि खरी तारीख सांगून या.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
टेस्ट डेस्कवरची ताई