शाबितीचा भार कोणावर?

संपादक महोदय,

पुरावा कोणी द्यायचा, हे वाद सुरू होण्यापूर्वी ठरायला हवे. धर्मविषयक वादात ते आवाज चढल्यावर ठरते, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी ठरवतात. ‘देव आहे हे तुम्ही सिद्ध करा’, ‘नाही हे तुम्ही सिद्ध करा’. कायद्याच्या मराठीत ज्याला शाबितीचा भार म्हणतात, त्याचे नियम फार जुने आहेत. ते अर्धवट वापरले गेल्यामुळे श्रद्धावानांचे आणि नास्तिकांचे सारखेच नुकसान होते, म्हणून हे पत्र.

इ. स. 533 मध्ये सम्राट जस्टिनियनने संकलित करवलेल्या रोमन कायद्याच्या ‘डायजेस्ट’मध्ये पॉलस या विधिज्ञाचा नियम आहे : भार सांगणाऱ्यावर, नाकारणाऱ्यावर नाही. याचा आधार घेऊन नास्तिक मंडळी ‘आम्ही फक्त नाकारतो’ म्हणून मोकळी होतात. पहिली गफलत इथेच होते. ‘देव आहे हे मला पटलेले नाही’ आणि ‘देव नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले करणाऱ्याला समोरचा पुरावा कुठे अपुरा पडला एवढेच दाखवावे लागते. दुसरे मात्र जगाविषयीचे विधान आहे, आणि वाक्यात ‘नाही’ आले म्हणून त्याचा भार टळत नाही. अँटनी फ्ल्यू या तत्त्वज्ञाने 1972 मध्ये ‘वादाचा आरंभ नास्तिकतेपासून धरावा’ अशी मांडणी केली, तेव्हा त्याने नास्तिकतेचा अर्थ ‘ईश्वरावर विश्वास नसणे’ इतकाच घेतला होता. मांडणी उचलणारे ही अट मागेच ठेवतात.

आरंभरेषा आपल्या सोयीने आखण्याचा मोह श्रद्धेच्या बाजूलाही आहे. रिचर्ड व्हेटली या इंग्लिश धर्मपंडिताने 1828 मध्ये नेमके उलटे मांडले : जे प्रस्थापित आहे त्याच्या बाजूने गृहीतक धरावे, बदल मागणाऱ्याने कारणे द्यावीत, आणि चर्च ही प्रस्थापित संस्था आहे. एखादी संस्था मोडावी की ठेवावी या प्रश्नात हा नियम शहाणपणाचा आहे. पण संस्था जुनी असण्याने तिची शिकवण खरी ठरत नाही. कृतीविषयीचा भार आणि सत्याविषयीचा भार वेगळे मोजले पाहिजेत.

‘नकारार्थी विधान सिद्ध करताच येत नाही’ हे वाक्यही बेधडक फेकले जाते आणि ते चूक आहे. सर्वांत मोठी मूळ संख्या अस्तित्वात नाही, हे युक्लिडने सिद्ध केले. खोलीत हत्ती नाही, हे खोलीत एकदा डोकावून सिद्ध होते. अट एवढीच की, वस्तू असती तर ती दिसलीच असती. भारतीय दर्शनांत याला योग्यानुपलब्धी म्हणतात : जे दिसण्यायोग्य आहे तेच न दिसले, तर त्याचा अभाव ठरतो. ईश्वराच्या बाजूने लढणाऱ्या उदयनाचार्यांनी दहाव्या शतकाच्या सुमारास हेच शस्त्र वापरले. ईश्वर मुळात प्रत्यक्षाचा विषयच नाही, मग तो दिसत नाही यावरून तो नाही हे कसे ठरेल? उत्तर बिनतोड आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. असा ईश्वर घटनांत हस्तक्षेप करून विशिष्ट, तपासता येण्याजोगे परिणाम घडवतो असे त्याच दमात म्हटले, की दिसण्याची अपेक्षा परत येते. अनुपलब्धी लागू पडत नाही असे म्हणूनही उदयनाचार्य तिथे थांबले नाहीत. जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता लागतो, अशी अनुमाने त्यांनी रचली. म्हणजे स्वतःचा भार स्वतः उचलला. ‘तुम्हाला खोडता येत नाही, म्हणून आमचे खरे’ इतक्यावर त्यांनी भागवले नाही.

बर्ट्रांड रसेलची चहाची किटली आठवावी ती इथे. पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये सूर्याभोवती एक किटली फिरते, आणि ती इतकी लहान आहे की कोणत्याही दुर्बिणीतून दिसणार नाही, असे कोणी म्हटले तर ते खोडता येत नाही. पण तेवढ्याने ते मान्यही होत नाही. 1952 च्या या दृष्टान्तातून इतकेच निघते. ईश्वर नाही हे त्यातून निघत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘धर्म’ नावाचे एकच विधान नसते. विश्वाला कर्ता आहे, अमुक काळी अमुक चमत्कार घडला, अमुक विधीने रोग बरा होतो, ग्रंथात असे लिहिले आहे, माणसाने असे वागावे, मला अनुभव आला : ही सहा निराळ्या जातींची विधाने आहेत आणि प्रत्येकाचा पुरावा निराळा. कर्त्यासाठी अनुमान लागते, चमत्कारासाठी साक्ष आणि साक्षीदारांची छाननी, ग्रंथासाठी पाठ आणि संदर्भ, आचरणासाठी नैतिक कारणे. रोग बरा होण्यासाठी मोजमाप लागते, आणि ते करता येते. अमेरिकेतील सहा रुग्णालयांत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांवर झालेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे माहीत नसलेल्या रुग्णांत, प्रार्थना झालेल्यांपैकी 52 टक्के आणि न झालेल्यांपैकी 51 टक्के जणांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होणार हे निश्चित सांगितलेल्यांत हे प्रमाण 59 टक्के निघाले. त्रयस्थांनी ठरावीक पद्धतीने केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी होते, या दाव्याला या अभ्यासात आधार मिळाला नाही. ईश्वर आहे की नाही, किंवा प्रार्थनेने प्रार्थना करणाऱ्याला धीर मिळतो की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही. एका जातीच्या विधानाचा निकाल दुसऱ्या जातीला लावणे ही दोन्ही बाजूंची नित्याची चूक आहे.

अनुभवाबद्दल वेगळे बोलायला हवे. एखाद्याची श्रद्धा त्याच्यापुरती असेल तर तो कोणाचेही देणे लागत नाही. त्याला गाठून पुरावा मागणे हा उद्धटपणा आहे. भार निर्माण होतो तो दुसऱ्याने मान्य करावे, वागणे बदलावे, पैसे द्यावेत किंवा औषध थांबवावे, असे म्हटल्यावर. शेवटच्या बाबतीत तर भार सर्वांत जड, कारण चूक झाली तर ती परत घेता येत नाही.

‘मग रोजच्या प्रत्येक समजुतीला पुरावा मागणार का?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि त्यावर मीमांसा आणि न्याय या दोन भारतीय दर्शनांचे पंडित, म्हणजे मीमांसक व नैयायिक, शतकानुशतके झगडले. मीमांसक कुमारिल भट्टांचे म्हणणे : ज्ञान स्वतःच प्रमाण, म्हणजे विश्वासार्ह असते; त्याच्या कारणांत दोष दिसेपर्यंत किंवा त्याला बाधणारे दुसरे ज्ञान होईपर्यंत ते टिकते. म्हणजे भार आक्षेप घेणाऱ्यावर. नैयायिक म्हणत, प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचा खरेपणा बाहेरून ठरतो : दिसले ते पाणी की मृगजळ, हे तहान भागल्यावर कळते. माझ्या मते एकट्याच्या व्यवहारात कुमारिलांचाच नियम चालतो. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा जामीन मागितला तर अनवस्था होते, म्हणजे ही साखळी कधी संपतच नाही, आणि माणूस पाऊलही टाकू शकणार नाही. पण वाद सुरू झाला याचाच अर्थ विरुद्ध ज्ञान समोर उभे आहे. दोन ग्रंथ दोन परस्परविरोधी गोष्टी सांगतात आणि दोघांचे अनुयायी ‘आमचे आधीच प्रमाण’ म्हणतात, तिथे हा नियम दोघांनाही वाचवत नाही. तिथून पुढे बाहेरची कसोटी लागतेच.

वाद बिघडतो कसा, याचेही तपशील तयार आहेत. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या गौतमांच्या न्यायसूत्रांत 22 निग्रहस्थाने, म्हणजे वादात पराभव ठरवणाऱ्या चुका, दिली आहेत. धर्मावरच्या वादात त्यातली चार सतत भेटतात. ‘देव चमत्कार करतो’ येथून सुरुवात करून आक्षेप येताच ‘देव म्हणजे निसर्गाची शक्ती’ असे म्हणणे, हे प्रतिज्ञांतर, म्हणजे प्रतिज्ञा (मूळ विधान) बदलणे. पहिले कारण तुटल्यावर त्यालाच नवे विशेषण जोडणे, हे हेत्वंतर. पुरावा मागितल्यावर धर्माच्या समाजकार्याबद्दल, किंवा उलट धर्मयुद्धांबद्दल बोलू लागणे, हे अर्थांतर. आणि ‘तुमच्यात नाही का असे?’ म्हणणे ही मतानुज्ञा, कारण त्यात आपल्या बाजूचा दोष कबूल झालेला असतो. स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचे खंडन करणे याला न्यायसूत्रे वितंडा म्हणतात. केवळ संशय व्यक्त करणाऱ्याला ती मोकळीक असावी, पण मग शेवटी ‘म्हणजे देव नाही हे ठरले’ असा निष्कर्ष त्याला काढता येणार नाही.

न्यायालयाची उपमा देणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. न्यायाधीशाला निकाल द्यावाच लागतो, म्हणून पुरावा अपुरा पडला की भार ज्याच्यावर तो हरतो. वादाला अशी सक्ती नाही. ‘अजून ठरलेले नाही’ हे पूर्ण आणि प्रतिष्ठेचे उत्तर आहे.

म्हणून विनंती अशी. या विषयावरच्या पत्रांसाठी आपण एक अट घालावी : लेखकाने आरंभीच आपले विधान एका वाक्यात लिहावे आणि काय समोर आले तर आपण ते मागे घेऊ, हे दुसऱ्या वाक्यात. उत्तर देणाऱ्याने ते पहिले वाक्य जसेच्या तसे उद्धृत करूनच पुढे लिहावे. प्रतिज्ञा अशी छापलेली राहिली, तर ती मध्येच बदलल्याचे वाचकांना ताबडतोब दिसेल.

आपला,
एक नियमित वाचक